रात्री विसरायचं, सकाळी लिहायचं : कलेवरच्या मराठी ललित गद्याची वाट



आजचा विषय कलेवरच्या ललित गद्याचा आहे. गाणं, नाटक, चित्र, नाच यांच्याविषयी जे खरं आहे तेच लिहायचं, पण ते वाचताना बातमीसारखं कोरडं लागू नये, असं लेखन. मराठीत ते कोण, कुठे आणि कसं शिकलं, हे आज आपण पाहू. विषय पुण्या-मुंबईच्या सभागृहातला वाटतो. तो नाकाडोंगरीत, तुमसर तालुक्याच्या या टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ कशासाठी मांडायचा, असं कोणी विचारलं तर ते रास्तच आहे. आमचं उत्तर असं की या लेखनाची मुळं विदर्भाच्या मातीत पुष्कळ खोल गेलेली आहेत, आणि त्याची सगळ्यांत जास्त गरज आज झाडीपट्टीला आहे.

गरज का, ते आधी सांगतो. दिवाळीनंतर आपल्याकडे मंडई भरते. रात्री दंडार असते, कुठे खडी गंमत, कुठे नाटक. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याची बातमी येते. तिच्यातली वाक्यं तुम्हां-आम्हां सगळ्यांना पाठ आहेत : 'कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला.' 'कलावंतांनी रसिकांची मनं जिंकली.' उद्घाटकांचं नाव असतं, अध्यक्षांचं असतं, 'प्रमुख उपस्थिती'त दहा नावं असतात. डफ कोणी वाजवला, बाईचं काम कोणी केलं, गाणं कोणाचं होतं, हे नसतं. पन्नास वर्षांनी कोणी ती कात्रणं वाचली, तर त्या रात्री खुर्चीवर कोण बसलं होतं ते त्याला कळेल. उभं कोण होतं ते कळणार नाही.

आता इतिहासाकडे वळू. सुरुवात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरपासून करू. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर, त्यांचा शिष्यपरिवार तिथे गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहत होता. म्हाइंभट नावाच्या एका विद्वान शिष्यानं स्वामींच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. ज्याच्याकडे आठवण असेल त्याच्याकडे जायचं, ऐकायचं, नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायचं, मग लिहायचं. त्यातून शके १२००च्या, म्हणजे इसवी सन १२७८च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध झालं, असं मानलं जातं. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ. त्यात भांडारेकार, म्हणजे आपल्या भंडाऱ्याचे नीळभटही भेटतात.

हा ग्रंथ धार्मिक आहे, कलेवरचा नाही, हे खरं. पण आज आपल्याला त्यातून घ्यायचा आहे तो लिहिण्याचा शिस्तशीर मार्ग. तिथे नुसतं 'स्वामी थोर होते' असं म्हणून भागवत नाहीत. कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोण बरोबर होतं, काय खाल्लं, कोण रुसलं, कोण काय बोललं, हे छोट्या छोट्या वाक्यांत येतं. थोरपण वाचणाऱ्यानं त्यातून ओळखायचं. पुढे याच परंपरेत 'स्थानपोथी' झाली. स्वामी जिथे जिथे राहिले, त्या जागांची तिच्यात नोंद आहे : देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, मठ कुठे, दरवाजा कुठे. मंदिरवास्तूच्या अभ्यासकांना ती आजही उपयोगी पडते. ज्यांनी लिहिली त्यांचा हेतू भक्तीचा होता. पण भक्तीनं त्यांना धूसर लिहू दिलं नाही. जागा पुन्हा सापडली पाहिजे, म्हणून नेमकं लिहिलं.

आणखी एक गोष्ट. महानुभावांच्या पोथ्यांमध्ये एकाच प्रसंगाच्या आठवणी वेगवेगळ्या असल्या, तर दोन्ही नोंदवण्याची पद्धत दिसते. अशा पाठभेदाला त्यांचा शब्द 'वासना' असा आहे. एकाला असं आठवतं, दुसऱ्याला तसं आठवतं. एक पुसून दुसरं ठेवायचं नाही. सातशे वर्षांपूर्वीची ही रीत आजच्या लेखकानं गाठीला बांधावी अशी आहे. दंडारीतलं एखादं गाणं नेमकं कोणी बांधलं, यावर गावात दोन मतं असतील तर दोन्ही लिहा. गोष्ट गुळगुळीत व्हावी म्हणून एकाला गप्प करू नका.

आता एकदम साडेसहाशे वर्षं पुढे येऊ, म्हणजे विसाव्या शतकात. मधल्या काळात १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांचं नाटक उभं राहिलं, १८८० साली पुण्यात किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' आलं. घराण्यांचे गवई महाराष्ट्रात स्थिरावले. कला बहरली, पण तिच्याविषयी लिहिण्याची भाषा तयार व्हायची होती. ती तयार करणाऱ्यांत एक नाव आपल्या अमरावतीत जन्मलेल्या माणसाचं आहे : केशवराव भोळे. जन्म १८९६. वैद्यकी शिकायला मुंबईला गेले आणि गाण्यात रमले. पुढे 'संत तुकाराम', 'कुंकू' अशा प्रभातच्या चित्रपटांना त्यांनी संगीत दिलं. पण त्याआधी त्यांनी आपल्या काळातल्या गायक-गायिकांवर लेख लिहिले. ते १९३३ साली 'आजचे प्रसिद्ध गायक' या नावानं पुस्तकरूपात आले.

लेख लिहिताना त्यांनी टोपणनाव कोणतं घेतलं? 'एकलव्य'. आम्हाला या नावात एक सबंध पाठ दिसतो. गुरू समोर नाही, तरी शिकायचं. दुरून, पण अतिशय बारकाईनं पाहायचं. कलेवर लिहिणाऱ्याची जागा हीच असते. तो मैफलीत असतो, पण मंचावर नसतो.

त्या काळाची अडचण ध्यानात घ्या. ध्वनिमुद्रिका होत्या. भारतात त्या १९०२पासून निघू लागल्या. पण एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं मावायचं. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत कसा कळणार? तेव्हा तुमसरच्या वाचकाला एखाद्या बुवांचं गाणं 'ऐकायचं' तर शब्दांतूनच ऐकावं लागे. आवाज कसा लागतो, सम कशी येते, तान कुठून उठते, बैठक कशी असते, हे लेखकानं दाखवलं तरच त्याला दिसणार. 'अप्रतिम' हा शब्द तिथे काहीच कामाचा नाही. अप्रतिम म्हटल्यानं ऐकू काय येतं? म्हणून भोळ्यांना कान उघडे ठेवून लिहावं लागलं, आणि ते लेख नुसते स्तुतिपाठ झाले नाहीत.

त्याच पिढीत कोल्हापूरकडचे गोविंदराव टेंबे. 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्या, साल १९११. पेटीवर हुकमत असलेला हा माणूस १९३९ साली 'माझा संगीत व्यासंग' लिहितो. नावातच 'व्यासंग' आहे. मला काय येतं, यापेक्षा मी कसा शिकत गेलो, हे सांगणारं पुस्तक. वामनराव देशपांडे तर हिशेबतपासनीस, आजच्या भाषेत चार्टर्ड अकाउंटंट. एकाहून अधिक घराण्यांची तालीम त्यांनी घेतली आणि १९६१ साली 'घरंदाज गायकी' दिली. चित्रकारांत प्रभाकर बरवे यांचा 'कोरा कॅनव्हास' १९९०चा. ही माणसं एकमेकांपासून फार वेगळी. एक गोष्ट मात्र सगळ्यांत समान आहे : जिच्याविषयी लिहिलं, त्या कलेला त्यांचा हात लागलेला होता.

हाताची गोष्ट निघाली की द. ग. गोडसे आठवतातच. जन्म १९१४चा, खानदेशातला. शिक्षण सावनेर-नागपुरात, पुढे मुंबईत, मग लंडनच्या स्लेड कलाशाळेत. चित्रकार, नेपथ्यकार. १९६३ साली त्यांचं 'पोत' आलं. पोत हा शब्द मूळचा कापडाचा. मोहाडी-आंधळगावच्या कोष्ट्याला पोत म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. कोशाच्या कापडावर बोट फिरवलं की त्याला कळतं. गोडशांनी हा मागावरचा शब्द उचलला आणि शिल्प, चित्र, साहित्य, समाजजीवन अशा सगळ्यांकडे त्यातून पाहिलं. त्याआधी मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार लय या तत्त्वातून मांडला होता, आणि तो मोलाचाच होता. पण आम्ही वर्गात दोन्ही शिकवत असताना एक फरक नेहमी जाणवे. लय म्हटलं की विचार वर, आकाशाकडे निघतो. पोत म्हटलं की वस्तूला हात लागतो. नवशिक्या लेखकानं आधी वस्तूला हात लावायला शिकावं.

इथे तुम्हाला एक फायदा आहे, तो लक्षात आणून देतो. परिभाषा पुस्तकातूनच मिळते असं नाही. ती धंद्यात असते, शेतात असते, मंडपात असते. दंडारीतल्या मंडळींकडे पावलांना, चालींना, सोंगांना, वाद्यांच्या भागांना शब्द आहेत. पोळ्याला आपण बैलांपुढे झडत्या म्हणतो. त्या कशा म्हणायच्या, कुठे आवाज चढवायचा, याचेही शब्द आहेत. त्यांतले पुष्कळ झाडीबोलीत, काही पोवारीत, काही हिंदी वळणाचे. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा आणि दंडारीचा अभ्यास मांडून आपल्यावर मोठे उपकार केले आहेत. पण एकट्या अभ्यासकानं सगळी झाडी कशी पिंजून व्हावी? गावोगावी लिहिणारी माणसं हवीत. तुमच्या लेखात तुमच्या मंडळाचे शब्द जसेच्या तसे येऊ द्या. 'प्रमाण' शब्द शोधत बसलात तर वस्तू हातची जाईल.

आता थोडं तत्त्वज्ञान. आम्ही जन्मभर तेच शिकवलं, त्यामुळे ते टाळता येत नाही. पण सोपं करून सांगतो.

ॲरिस्टॉटल म्हणतो, इतिहासकार जे घडलं ते सांगतो, कवी जे घडू शकेल ते सांगतो. म्हणून काव्य हे इतिहासापेक्षा तत्त्वज्ञानाला अधिक जवळचं. आपल्याकडे सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्तानं भरताच्या नाट्यशास्त्रावर टीका लिहिली. तीत रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यांतलं एक असं : आपण आपल्या किंवा दुसऱ्याच्या विशिष्ट देश-काळात अडकून राहतो. समोर हरिश्चंद्र स्मशानात उभा आहे, आणि आपल्या मनात चाललंय की अरे, हा तर आपल्या आळीतला अमका, काल याच्याशी बांधावरून भांडण झालं! मग रस कसला? रंगात यायचं तर ते विसरावं लागतं. नट विसरायचा, गाव विसरायचं, घड्याळ विसरायचं.

हे कलेच्या अनुभवाचं सत्य आहे. पण याच ठिकाणी आमच्या विषयाची खरी गाठ आहे. रसिकानं जे विसरायचं, नेमकं तेच लेखकानं आठवायचं असतं. कोणतं गाव, कोणती तारीख, हरिश्चंद्र कोण झाला होता, तो दिवसा काय करतो, त्याला हे काम कोणी शिकवलं. रात्री विसरायचं, सकाळी लिहायचं. रात्री विसरलाच नाहीत, तर तुमच्या लेखात जीव येणार नाही. ती पंचनाम्याची भाषा होईल. आणि सकाळी आठवलंच नाही, तर उरेल नुसता गहिवर. दोन्ही एकाच माणसाला करायचं असतं, म्हणून हे लेखन शिकावं लागतं.

झाडीपट्टीचं जे नुकसान झालंय, ते आमच्या मते इथे झालंय. रात्री विसरणारे रसिक आपल्याकडे भरपूर आहेत. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या रंगभूमीचं मोठं केंद्र. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो आणि होळीच्या आसपासपर्यंत रात्र-रात्र नाटकं चालतात. माणसं बैलगाडीनं, आता मोटारसायकलीनं, मैलोगणती जातात. २०२३ साली गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या झाडीला आनंद झाला. कमी पडले ते सकाळी लिहिणारे. एका खुण्यांचं नाव दिल्लीपर्यंत गेलं. बाकीच्यांचं त्यांच्याच गावातल्या पोरांना ठाऊक नसतं.

मग लिहायचं कसं? एक उदाहरण घेऊ. ते कोणत्याही एका गावचं नाही, सरावासाठी बांधलेलं आहे. एक विद्यार्थी लिहितो : 'डफाच्या तालावर प्रेक्षक मंत्रमुग्ध झाले.' दुसरा लिहितो : 'बारा वाजून गेल्यावर दव पडायला लागलं आणि डफाचं कातडं सैल झालं. वादक शेकोटीपाशी जाऊन बसला, डफ विस्तवावर धरून बोटानं टिचकी मारून पाहू लागला. तेवढा वेळ नाच्यानं पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याची थट्टा चालवली. डफ परत वाजला तेव्हा म्हातारा उठून नाचत होता.' दुसऱ्यात 'मंत्रमुग्ध' हा शब्द नाही. तरी कोण मंत्रमुग्ध झालं ते कळतं. शिवाय डफ आणि दव यांचं नातं कळतं, नाच्याची हुशारी कळते, आणि ही कला प्रेक्षकाला कशी आत ओढते तेही कळतं.

पण खबरदार. हे लिहायचं तर तुम्ही बारा वाजता तिथे जागे असायला हवं. म्हातारा नाचला नसेल, तर त्याला कागदावर नाचवायचं नाही. 'ललित' म्हणजे मनचं घालायची मुभा नव्हे. काय आधी सांगायचं, काय मागे ठेवायचं, कुठे थांबायचं, कोणता तपशील निवडायचा, यात लालित्य आहे, आणि तेवढं पुरेसं आहे. आतलं काही कळत नसेल, तर 'असं वाटलं असावं' म्हणून सरळ लिहा. वाचकाला तुमचा अंदाज अंदाज म्हणूनच कळला पाहिजे.

शेवटचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. आपण दुसऱ्याच्या आयुष्याविषयी लिहितो. मग आवाज कोणाचा? १९७० साली अभिनेत्री हंसा वाडकर यांचं 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन पुस्तक म्हणून आलं. त्याचं शब्दांकन अरुण साधूंनी केलं होतं. पुढे १९७७ साली श्याम बेनेगलांचा 'भूमिका' चित्रपट त्यावरून निघाला. त्या पुस्तकाची ताकद कशात आहे? बाई बोलतात, आणि लिहिणारा मध्ये येत नाही. त्यांचं बोलणं सभ्य करून, धुऊन-पुसून मांडलेलं नाही. बाईंना शोभेल असं काय, याचा निर्णय लिहिणाऱ्यानं परस्पर घेतलेला नाही.

आपल्याकडे हा प्रश्न रोजचा आहे. बाईचं सोंग घेणाऱ्या पुरुषाविषयी लिहायचं आहे. रात्री टाळ्या घेणारा तो दिवसा काय टोमणे ऐकतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते लिहायचं का? आमचं म्हणणं असं : लिहून झालं की कागद घेऊन त्याच्या अंगणात जा आणि त्याला वाचून दाखवा. कदाचित तो म्हणेल, हे काढ, घरी पोरीचं लग्न आहे. काढा. कदाचित म्हणेल, हे आणखी लिही, मी इतकी वर्षं कोणी विचारायची वाट पाहत होतो. लिहा. कदाचित म्हणेल, डफ मी विस्तवावर धरत नाही, दूर धरतो, नाहीतर कातडं फाटेल. ते तर लगेच दुरुस्त करा! तो वाचू शकत नसेल तरी ऐकू शकतो. रिद्धपूरला म्हाइंभट तेच करत होते : सांगणाऱ्याकडे जायचं, ऐकायचं, पडताळायचं.

कोणी म्हणेल, आता मोबाईलवर सगळं चित्रित होतं, लिहायचं कशाला? चित्रण जरूर करा. भोळ्यांच्या वाचकाला ते मिळालं असतं तर त्यानं डोक्यावर घेतलं असतं. पण मोबाईल आवाज टिपतो, तो आवाज कोणाकडून आला ते टिपत नाही. गुरू कोण, गाणं कसं शिकलं, मधली चार वर्षं मंडळ का बंद होतं, मँगेनीजच्या खाणीतली पाळी संपवून तालमीला कोण यायचं, हे विचारावं लागतं. आणि विचारण्यासाठी ज्यांच्याकडे जायचं, ती माणसं मागच्या रांगेत घोंगडी पांघरून बसली आहेत. उद्या ती असतीलच असं नाही. हे कडू आहे, पण त्यांच्यासमोरच बोललेलं बरं.

म्हणून मुलांनो, आणि शिक्षकांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. येत्या मंडईला एक वही घेऊन जा. रात्री ती उघडू नका. रात्री पाहा, हसा, रडा, जागा. सकाळी चहा झाला की बसा आणि आधी नावं लिहा. सगळी नावं : डफवाल्याचं, टाळवाल्याचं, सोंगाड्याचं, बत्ती धरणाऱ्याचंसुद्धा. नावांपुढे गाव लिहा, वय लिहा, कोणाकडून शिकला ते लिहा. त्यातलं जे माहीत नसेल त्याच्यासमोर जागा कोरी सोडा आणि दुपारी त्या घरी जा. लेख त्यानंतर सुचेल.

आता आम्ही थांबतो. पुढचा वेळ मागच्या रांगेला देऊ या. त्यांनी बोलावं, आणि पुढे बसलेल्यांनी वह्या काढाव्यात; आता सकाळ आहे, त्यामुळे हरकत नाही.